न्याहारी : आदल्या रात्रींची तजवीज

गृहस्थाश्रमांतील दिवसाचा सर्वांत खडतर प्रहर कोणता, असें कोणी विचारल्यास आम्ही निःशंकपणें सांगूं, कीं सकाळीं सहापासून आठपर्यंतचा. या दोन तासांत एकाच स्वयंपाकघरांतून चार-पांच माणसें चार दिशांस निघावयाचीं असतात. कोणाची शाळेची मोटार सडकेवर येऊन भोंगा वाजवीत असते, कोणास सोलापूरची किंवा लातूरची बस गांठावयाची असते, कोणाचा डबा भरावयाचा राहिलेला असतो, आणि वडीलधाऱ्यांचें औषध उपाशीं पोटीं द्यावयाचें कीं भरल्या पोटीं, याचा निर्णयही त्याच गर्दींत व्हावयाचा असतो. अशा वेळीं दिवसाचें जें पहिलें अन्न, तेंच सर्वांत निष्काळजीपणें दिलें जातें : कपभर चहा आणि त्यांत बुडविलेलीं दोन बिस्किटें.

आमचें सारें आयुष्य धाराशिव जिल्ह्यांतील शाळांतून संस्कृत शिकविण्यांत गेलें. त्या अवधींत एक गोष्ट आमच्या मनांत पक्की बसली. पहिल्या तासाला ज्याचें लक्ष शब्दरूपांवर ठरत नाहीं, तो मुलगा बहुधा मंदबुद्धि नसतो. तो उपाशी असतो. उन्हाळ्यांत शाळा सकाळच्या झाल्या, म्हणजे हें विशेष दिसून येई. प्रार्थनेच्या रांगेंतून एखादी मुलगी घेरी येऊन खालीं बसे. तिला सावलींत नेऊन 'काय खाऊन आलीस?' म्हणून विचारावें, तों उत्तर ठरलेलें : 'चहा'. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत असें ठरविलें, तें लहानग्यांच्या झोपेच्या दृष्टीनें योग्यच झालें. परंतु वरच्या वर्गांतील मुलें, शिकवणीसाठीं उजाडतांच बाहेर पडणारीं मुलें, आणि नोकरीस जाणारीं मोठीं माणसें यांची धांदल त्यामुळें कमी झालेली नाहीं. शाळेंत मिळणारी खिचडी ही दुपारची. सकाळची उणीव ती सकाळीं कशी भरून काढणार?

या प्रश्नाची दुसरी बाजू याहूनही नाजूक आहे. सर्वांस ताजें व गरम करून घालावें म्हणून जी गृहिणी पहांटे साडेचारला उठते, ती स्वतः न्याहारी केव्हां करते? बहुतेक घरीं दहा-साडेदहाला, उरलेंसुरलें, आणि तेंही उभ्याउभ्यानें. घरांत कोणी तिला 'खाऊं नकोस' असें म्हणत नाहीं, हें खरें. पण 'बैस आणि आधीं खा' असेंही कोणी म्हणत नाहीं. म्हणून न्याहारी आदल्या रात्रीं किंवा आदल्या रविवारीं सिद्ध करून ठेवणें हा आळस नव्हे. मुलाचा पहिला तास आणि त्याच्या आईची शेवटची तासभर झोप, या दोहोंचें त्यानें रक्षण होतें. आमच्या लेखाचें सार एवढेंच. बाकीचा विस्तार तें कसें साधावें याचा आहे.

अलीकडे आपल्याकडील किराणा दुकानांतूनही ओट्सचीं पाकिटें दिसूं लागलीं आहेत, आणि शहरांत राहणाऱ्या सुना-मुली सुटींत घरीं येतांना तीं बरोबर घेऊन येतात. वडील मंडळींनीं त्यांकडे पाहून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. ओट हें थंड व ओलसर हवेंतील धान्य. आपल्या देशांत त्याची लागवड मुख्यतः जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठीं होते. विलायतेंतही तें घोड्याचें खाद्य म्हणून हिणविलें जाई, डॉ. जॉन्सन यांनीं १७५५ सालच्या आपल्या इंग्रजी कोशांत या शब्दाचा अर्थ देतांना स्कॉटलंडच्या लोकांस जो चिमटा काढला, तो पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. स्कॉच लोकांनीं तो हसून सोडून दिला आणि त्याच धान्याच्या लापशीवर पिढ्या पोसल्या. या धान्यांत बीटा-ग्लूकन नांवाचा एक बुळबुळीत तंतुमय अंश असतो. ओट्समधून तो रोज ३ ग्रॅम पोटांत गेला आणि एकंदर आहारांत तूप-चरबी बेताची असली, तर रक्तांतील कोलेस्टेरॉल कमी होण्यास साहाय्य होतें, ही गोष्ट अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें १९९७ सालीं मान्य केली. तेव्हांपासून ओट्सचा बोलबाला जगभर वाढला.

आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें मात्र ओट्सचा खरा गुण निराळाच आहे. कारखान्यांत दाणा सोलल्यावर त्यास वाफ देतात आणि मग रुळांखालीं चेपून चपटा करतात. ओटांत स्निग्धांश गहू-तांदुळाहून बराच अधिक असल्यामुळें अशी वाफ न दिल्यास तें धान्य लवकर खवट होतें. या क्रियेनें आणखी एक लाभ आपोआप होतो. दाण्यास आधींच शेक लागलेला असल्यामुळें तो नुसत्या दुधांत अथवा दह्यांत रात्रभर भिजला, तरी सकाळीं खाण्याजोगा मऊ होतो. पाश्चात्य घरांतून रात्रीं ओट्स भिजत घालून सकाळीं तसेच खाण्याची जी चाल पडली आहे, तिचें रहस्य एवढेंच : शेकणें आधीं झालेलें, भिजणें रात्रीं, आणि सकाळीं केवळ वाढणें.

संस्कृत जाणणाऱ्यास यांत नवें असें कांहींच वाटणार नाहीं. 'सक्तु' हा शब्द प्रत्यक्ष ऋग्वेदांत आहे. दहाव्या मंडलांतील ज्ञानसूक्तांत शहाणे लोक वाणी कशी निवडून घेतात हें सांगतांना चाळणीनें सातू चाळण्याचाच दृष्टांत घेतला आहे. तेंच पीठ दह्यांत कालविलें म्हणजे 'करंभ' होई. आणि पूषन् या देवास तो इतका प्रिय, कीं करंभ खाणारा असें त्याचें विशेषणच होऊन बसलें. भाजलेलें धान्य ती 'धाना', फुललेली लाही ती 'लाजा', आणि चेपलेला दाणा तो 'पृथुक', म्हणजे आपले पोहे. धान्य आधीं भाजून वा वाफवून ठेवावें आणि ऐन वेळीं दह्यादुधांत कालवून खावें, ही युक्ति आपणांस परक्यांकडून शिकावी लागली नाहीं. विशेष हें, कीं ज्या बीटा-ग्लूकनसाठीं ओट्सची कीर्ति झाली, तो जवांतही भरपूर असतो. पुढें त्या अमेरिकन खात्यानें जवासही तीच मान्यता दिली. आपल्याकडे जवासच सातू म्हणतात, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे आजीच्या डब्यांतील सातूचें पीठ किती दूरदृष्टीचें होतें हें कळून येईल.

आतां आपल्या जिल्ह्याच्या अन्नाकडे वळूं. उस्मानाबाद हें नांव जाऊन धाराशिव हें जुनें नांव २०२३ सालीं अधिकृतपणें परत आलें. पण भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत ताटांतील भाकरी नामांतरापूर्वीं ज्वारीची होती आणि आजही ज्वारीचीच आहे. पावसाळा सरतां सरतां रब्बीची ज्वारी पेरावी, आणि काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर तिनें थंडीभर पोसावें, असा हा अल्पसंतुष्ट स्वभाव. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत मोहोळ येथें निवडलेलें मालदांडी ३५-१ हें वाण अनेक दशकें या पट्ट्यांत टिकून राहिलें, तें याच स्वभावामुळें आणि भाकरीच्या गोडीमुळें. सोयाबीनचें पीक वाढल्यापासून खरिपाची ज्वारी शिवारांतून मागें हटली आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें भारताच्या सूचनेवरून २०२३ हें भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, सभा-संमेलनें झालीं. पण धान्य शेतांत टिकावें असें वाटत असेल, तर तें आधीं आपल्या घरांतील वाटींत टिकलें पाहिजे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम प्रथिनें आणि जवळजवळ तितकेच तंतु असतात. ओट्समध्यें प्रथिनें याहून कांहींशीं अधिक असतात, आणि बीटा-ग्लूकन तर ज्वारींत फारच अल्प, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. उलट ज्वारी आपल्या शिवारांतील. ती मुलांच्या जिभेस ओळखीची आणि कोणत्याही गिरणींत दळून मिळणारी. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नांवाचा जो घटक उणा असतो, तो डाळींत पुष्कळ असतो. म्हणून ज्वारीस फुटाण्याच्या डाळीची, मुगाची वा दह्याताकाची जोड दिली म्हणजे तिचें उणें बरेचसें भरून निघतें.

अन्न आदल्या रात्रीं करून ठेवण्याची कला या जिल्ह्यास शिकवावयास नको. मार्गशीर्ष अमावास्येस लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गांवें ओस पडतात आणि शेतें माणसांनीं फुलतात. या सणास आपण येळवस म्हणतों. एळ्ळ अमावास्या या कानडी नांवाचा तो अपभ्रंश मानतात. त्या दिवशीं भज्जी आणि उंड्यांच्या बरोबर मडक्यांतून शेतावर जाणारी आंबील ही आदल्या दिवसापासून तयार होत असते. ओट्स भिजविण्याचें जें कौतुक आज चाललें आहे, त्याचीच ही आपल्या मातींतील थोरली बहीण होय. दोष असेल तर इतकाच, कीं वर्षांतून एका अमावास्येस तिचा थाट होतो आणि एरवीं तिची आठवण राहत नाहीं.

चौघांच्या न्याहारीस पुरेल अशी आंबील करण्याची आमच्या घरची रीत देतों. संध्याकाळीं एक वाटी ज्वारीचें पीठ दोन वाट्या ताकांत गुठळी न राहूं देतां कालवावें आणि झांकून ठेवावें. चार-पांच तासांनीं, निजण्यापूर्वीं, चार वाट्या पाण्यास उकळी आणून त्यांत हें मिश्रण हळूहळू ओतावें व सतत ढवळीत दहा-बारा मिनिटें शिजवावें. ओट्ससारखी ज्वारीच्या पिठास आधीं वाफ दिलेली नसते. तेव्हां तें नुसतें भिजवून भागत नाहीं, शिजविलेंच पाहिजे. निवाल्यावर भांडें झांकून ठेवावें. सकाळीं त्यांत दोन वाट्या ताजें ताक, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलें आलें व कोथिंबीर घालावी. ज्या घरीं लसूण चालतो, तेथें दोन पाकळ्या ठेचून घालण्यास हरकत नाहीं. वाढतांना प्रत्येक वाटीवर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाण्याची डाळ टाकावी. आंबविल्यामुळें ज्वारींतील फायटिक आम्ल कमी होतें आणि त्यानें अडवून ठेवलेलें लोह शरीरास अधिक सुलभपणें मिळतें. चहा मात्र याच्या उलट वागतो; तो जेवणाबरोबर घेतला असतां लोह अंगीं लागूं देत नाहीं. म्हणून ज्यांस चहा सुटत नाहीं, त्यांनीं निदान तो न्याहारीपासून तासभर दूर ठेवावा.

टिकविण्याच्या रीती मूळ दोनच : एक आंबट करून, दुसरी कोरडें ठेवून. आंबील ही पहिल्या वर्गांतील. दुसऱ्या वर्गांत मुख्य मान सातूच्या पिठाचा. अर्धा किलो सोललेले जव, अर्धा किलो गहू आणि अर्धा किलो फुटाण्याची डाळ घ्यावी. जव व गहू निरनिराळे, मंद आंचेवर खमंग भाजावे. डाळ नुसती गरम करून घ्यावी. निवाल्यावर चार चमचे जिरें व दोन चमचे सुंठ घालून सर्व एकत्र बारीक दळावें. हें पीठ घट्ट झांकणाच्या कोरड्या डब्यांत महिनाभर सहज राहतें; चमचा मात्र ओला लागतां कामा नये. सकाळीं चार चमचे पीठ दुधांत किंवा ताकांत कालविण्यास दोन मिनिटें पुरतात, आणि तें दहा वर्षांचें मूल स्वतः करूं शकतें. १९७२ च्या दुष्काळांत कामावर आलेल्या माणसांस जी सुकडी वांटीत, तिचें तत्त्वही हेंच होतें : भाजलेलें, कोरडें, चूल न पेटवितां खातां येणारें. जें अन्न दुष्काळांत माणसास उभें ठेवतें, तें सकाळच्या घाईंत एका विद्यार्थ्यास उभें ठेवील यांत संशय कसला?

नागपंचमीच्या सुमारास घरोघरीं ज्वारीच्या लाह्या फुटतात. त्या उरल्या म्हणजे मऊ पडून वाया जातात. त्याऐवजीं कुरकुरीत असतांनाच त्यांचें पीठ करून ठेवावें; ताक, मीठ व जिरें घालून तें लगेच खातां येतें, आणि आजारांतून उठलेल्या माणसास तर याहून हलकें अन्न शोधून सांपडणार नाहीं. प्रवासाच्या दिवशीं धपाटे करावे. ज्वारीचें पीठ, थोडें बेसन, थोडी कणीक, तीळ, ओवा, तिखट-मीठ घालून तें दह्यांत मळलें व रात्रीं थापून भाजून ठेवलें, तर सकाळीं डब्यांत घालण्यापलीकडे काम उरत नाहीं. सोलापुराकडील कडक भाकरी तर पातळ व कोरडी भाजलेली असल्यामुळें पुष्कळ दिवस टिकते. दही व शेंगदाण्याची चटणी घरांत असली म्हणजे न्याहारी झालीच.

ओट्स ज्यांच्या घरीं आले आहेत, त्यांनीं तेही आपल्या पद्धतीनें वापरावे. माणशीं अर्धी वाटी ओट्स पाऊण वाटी पातळ दह्यांत रात्रीं भिजवावे. सकाळीं मीठ, किसलेली काकडी वा गाजर, आणि जिरें-कढीलिंबाची फोडणी घालावी. दहीभाताची ज्यास आवड आहे, त्यास हें परकें वाटणार नाहीं. दुसरी रीत कोरड्या साठवणीची : तेलांत मोहरी, जिरें, कढीलिंब, हळद व फुटाण्याची डाळ यांची फोडणी करून तींत ओट्स खमंग परतावे व पूर्ण निवाल्यावर डब्यांत भरावे. पंधरा दिवस पुरेल इतकें एकदां करून ठेवावें. सकाळीं वाटीभर मिश्रणास दीड वाटी उकळतें पाणी व मीठ घालून पांच मिनिटें झांकलें, कीं उपमा सिद्ध. साखर, मीठ व मसाला आधींच मिसळून विकतात तीं पाकिटें मात्र नेहमींच्या न्याहारीसाठीं घेऊं नयेत. मधुमेह असलेल्यांनीं तर वेष्टनावरील बारीक अक्षरें चष्मा लावून वाचावीं.

एक सावधगिरीची सूचना येथें दिलीच पाहिजे. आपल्याकडे चैत्र-वैशाखांत पारा चाळिशीच्या पलीकडे जातो. अशा दिवसांत दुधांत भिजविलेलें कोणतेंही अन्न रात्रभर उघड्यावर ठेवूं नये. तें शीतपेटींतच ठेवावें, आणि ती नसेल किंवा रात्रीं वीज जात असेल, तर उन्हाळ्यापुरता दुधाचा मार्ग सोडून कोरड्या पिठांचा धरावा. शिजविलेली आंबीलही उन्हाळ्यांत शीतपेटींत असावी. शीतपेटींतील भिजवण दुसऱ्या दिवशींच संपवावी. वास पालटला, बुडबुडे आले किंवा तार सुटली, तर हळहळ न करितां टाकून द्यावें.

जुन्या वळणाच्या घरीं एक शंका हमखास निघेल : हें शिळें नव्हे काय? भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत पर्युषित, म्हणजे रात्र ओलांडलेलें अन्न तामस म्हटलें आहे, हें खरें. परंतु स्मृतिकारांनीं व्यवहार पाहिला होता. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत आंबलेल्या पदार्थांचा निषेध करतांना दहीं व दह्यापासून झालेले पदार्थ वगळले आहेत. आणि रात्र उलटलेल्या अन्नाचा विचार करतांना जव-गव्हांचे व दुधाचे पदार्थ पुष्कळ वेळ राहिलेले असले तरी ग्राह्य मानले आहेत. ज्वारीचें नांव तेथें नाहीं. पण त्या नियमामागील हेतु उघड आहे. नासलेलें तें वर्ज्य. जें युक्तीनें राखलें आहे तें नव्हे. लोणचें, मुरांबा, मेतकूट हीं ज्या घरांत वर्षभर चालतात, त्या घरानें रात्रींच्या आंबिलीस दोष देणें हें तर्कास धरून नाहीं.

आतां शेवटचा आणि आमच्या मतें मुख्य मुद्दा. हीं सर्व कामें आदल्या दिवशीं करावयाचीं ठरलीं आणि तीं पुन्हां एकट्या गृहिणीच्याच माथीं पडलीं, तर तिची पहांट मोकळी होईल पण रात्र जाईल. मग साधलें काय? म्हणून कामाची वांटणी ठरलेली असावी. रविवारीं धान्य भाजणें व दळून आणणें हें घरच्या पुरुषांचें काम. डबे पुसून, उन्हांत वाळवून भरणें हें मोठ्या मुलांचें. संध्याकाळीं पीठ ताकांत कालविणें हें ज्याचा अभ्यास आधीं संपेल त्याचें. आमच्या पिढीच्या पुरुषांस हें अवघड जाईल असें म्हणतात. परंतु ज्यांनीं चाळीस-चाळीस मुलांचा वर्ग सांभाळला, त्यांस एक कढई सांभाळतां येणार नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं.

आणि मोजून घेतांना वाट्या बरोबर मोजाव्या. घरांत पांच माणसें असतील तर पीठ पांचांचें भिजवावें, चौघांचें नव्हे. पांचवी वाटी तिची, आणि ती सर्वांबरोबर, बसून, ऊन असतांनाच खाल्ली जावी. ज्या घरीं हा एवढा नियम पाळला जाईल, तेथें ओट्स शिजले कीं आंबील, याची चौकशी करण्याचें आम्हांस कारण उरणार नाहीं. येत्या रविवारीं एका डब्यापासून आरंभ करावा, इतकीच वाचकांस विनंति आहे.